भिंतीवर मूल नको, बाटली काढा: गोड खाऊबद्दल गावात जाहिरात करायची तर

आमची पहिली भिंत शाळेच्या वाटेवरची होती. देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणावर. चित्रात एक गोल गरगरीत मुलगा, त्याच्या हातात लाल पेयाची बाटली आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘गोड खाल तर असे व्हाल’. कल्पना माझीच होती. आठवडाभरात पाचवीतल्या एका मुलाला सगळा वर्ग ‘भिंतीवरचो’ म्हणून हाक मारू लागला. तो मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर येईना, घरी जाताना रस्ता सोडून पाणंदीतून जाऊ लागला. त्याची आई भेटायला आली ती रागावून नव्हे. एवढंच म्हणाली, “ताई, ता चित्र तेवढा पुसून टाका.” त्याच संध्याकाळी आम्ही भिंतीवर चुना मारला.

त्यानंतर बऱ्याच भिंती रंगवल्या, जत्रेत खेळ केले, दुकानदारांशी वाद घातले आणि समेटही केले. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गट किंवा ग्रामपंचायतीचे सदस्य असं काही करायला निघाले असतील तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आमचा चुकला होता.

चित्र कोणाचं काढायचं

हा प्रश्न जगभर गाजलेला आहे. अमेरिकेत अटलांटामधल्या मुलांच्या एका रुग्णालयाने २०११ साली जाड मुलांचे उदास चेहऱ्याचे काळे-पांढरे फोटो मोठ्या फलकांवर लावले, वर ‘इशारा’ असा शब्द टाकून. त्यावर जोरदार टीका झाली. मुलांना लाज वाटते आणि लाजेने वजन कमी होत नाही, असं अनेक डॉक्टरांनीच सांगितलं. त्याआधी २००९ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने दुसरी वाट घेतली होती. त्यांच्या फलकावर बाटलीतून ग्लासात पेय ओतलं जातं आणि ग्लासात पडताना त्याची चरबी होते. पाहून किळस येते, पण ती त्या पेयाची. त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारी मोहिमेने खरी मुलं दाखवलीच नाहीत. चेहरा नसलेल्या रंगीत मातीच्या बाहुल्या नाचवल्या. त्या बाहुलीवरून वर्गातल्या कोणाला चिडवता येत नाही.

म्हणून माझा नियम सरळ आहे. चित्रात मुलाचं शरीर काढायचं नाही, जाड नाही आणि ‘आदर्श’ बारीकही नाही. बाटली काढा, पाकीट काढा, चमचे काढा, तांब्या काढा. ‘लठ्ठ’ हा शब्द भिंतीवर नको. तो दवाखान्यात, दार लावून, आईवडिलांशी बोलताना वापरायचा शब्द आहे.

वजनाबद्दल इथेच एक सांगून ठेवते. प्रार्थनेच्या रांगेत मुलांची वजनं करून ती मोठ्याने वाचून दाखवण्याचा प्रकार मी पाहिला आहे. कृपा करून तो करू नका. मुलांचं वजन मोठ्यांच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाच्या) आकड्यांनी जोखत नाहीत. पाच वर्षांवरच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली काढलेले वयानुसारचे तक्ते आहेत, लहानांसाठी अंगणवाडीतले वाढीचे तक्ते आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा काळजी वाटणाऱ्या मुलाचं नाव त्यांना एकांतात सांगा. पुढचं काम त्यांचं.

आधी चार दिवस नुसतं बसा

काय रंगवायचं हे ठरवण्याआधी मुलं काय घेतात ते पाहायला हवं. शाळेजवळच्या दुकानाच्या पडवीत मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना वही घेऊन बसा. मुलाचं नाव लिहायचं नाही. काय घेतलं, किती रुपयांचं, आणि पैसे कोणी दिले, एवढंच. ही पानं जपून ठेवा, शेवटी लागतील.

पैसे कोणी दिले, हा रकाना आम्ही पहिल्यांदा ठेवलाच नव्हता. आम्ही आयांसाठी जाहिरात लिहीत होतो आणि आया मान डोलावत होत्या, कारण त्या घरी फारसं काही आणतच नव्हत्या. आजोबा पेन्शन घेऊन येताना आणायचे. काका होडीवरून आल्यावर हातावर दहाची नोट ठेवायचा. आणि गणपतीला व मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा मुंबईहून पिशवीभर पाकिटं येतात, कारण रिकाम्या हाताने यायचं नाही ही आपली रीत. खाऊ म्हणजे माया. ही गोष्ट ज्या जाहिरातीला कळत नाही ती आजोबांच्या लेखी अपमान ठरते. मग आम्ही एक फलक फक्त खाऊ आणणाऱ्यांसाठी केला: ‘काकांनू, यंदा खाऊ म्हणून चेंडू आणा.’ तो एसटी स्टँडवर लावला, गणपतीच्या आदल्या आठवड्यात. कणकवलीला किंवा चिपळूणला गाडीतून उतरलेला माणूस गावात येताना जिथे थांबतो, तिथे हा फलक हवा. शाळेच्या भिंतीवर त्याला कोणी वाचणार नाही.

पाण्याची सोय झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका

कोकणात तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये शाळेच्या टाकीत पाणी नसतं. ‘तहान लागली तर पाणी प्या’ असं लिहिलेल्या भिंतीखालचा नळ कोरडा असेल तर मूल दुकानातच जाणार, आणि त्यात त्याची चूक नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधी हे मांडा: टाकी, गाळणी, नळाची तोटी, मुलांच्या हाताला येईल एवढी उंची, आणि झाकण असलेलं पिंप रोज कोण भरणार त्याचं नाव. आम्हाला यात दोन महिने गेले. त्या काळात एकही भिंत रंगली नाही याचं मला दुःख नाही.

साखरेचा हिशेब

जाहिरातीतला आकडा खोटा निघाला की सगळं गेलं. म्हणून हिशेब स्वतः करा, पाकिटावरून.

पाकिटाच्या मागे पोषणाचा चौकोन असतो. त्यात ‘टोटल शुगर्स’ म्हणजे एकूण साखर आणि ‘ॲडेड शुगर्स’ म्हणजे वरून घातलेली साखर अशा दोन ओळी पाहा. आकडा बहुधा शंभर ग्रॅम किंवा शंभर मिलिलिटरचा असतो, सगळ्या बाटलीचा नसतो. लोक फसतात ते इथे. समजा शंभर मिलिलिटरमध्ये ११ ग्रॅम साखर आहे. फसफसणाऱ्या गोड पेयांत साधारण एवढी असतेच. मग २५० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत साडेसत्तावीस ग्रॅम झाली. घरचा सपाट चहाचा चमचा चार ते पाच ग्रॅमचा. मी पाच धरते, म्हणजे चमचे कमी भरतात आणि कोणी ‘वाढवून सांगितलं’ म्हणू शकत नाही. साडेपाच चमचे. आंब्याच्या चवीच्या बाटलीबंद पेयांचा हिशेब याच रीतीने करा. ‘फळाचं आहे’ म्हणून त्याला सूट देऊ नका.

आता हे साडेपाच चमचे कशाशी ताडून पाहायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की दिवसाच्या एकूण ऊर्जेतला साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि पाच टक्क्यांच्या आत आला तर आणखी चांगलं. इथे साखर म्हणजे वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रससुद्धा. अख्ख्या फळातली आणि दुधातली मोजत नाहीत. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज आपल्याकडे साधारण १७०० कॅलरी धरतात. त्याचे दहा टक्के १७०, आणि एक ग्रॅम साखरेच्या चार कॅलरी, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. आठ चमचे ही वरची कड, चार चमचे असले तर उत्तम. सकाळचा गोड चहा, बिस्किटं आणि मधल्या सुट्टीतली एक बाटली एवढ्यातच दिवस संपतो.

हे भिंतीवर लिहू नका. तिथे फक्त बाटली आणि तिच्यापुढे रांगेने चमचे. हा हिशेब पालकसभेत करून दाखवायचा असतो. स्टीलचं ताट, साखरेचा डबा, चमचा आणि गावातल्या दुकानातूनच आणलेली बाटली घ्या. साखर मोजायला एखाद्या आजीला बोलवा आणि चमचे तिलाच टाकू द्या. तिसऱ्या चमच्यानंतर सभेत जी शांतता होते ती कुठल्याही भाषणाने येत नाही.

दात विसरू नका. वजनाचं बोलणं पालकांना लांबचं वाटतं, पण किडलेली दाढ आणि रात्रभर रडणारं मूल प्रत्येक वाडीत असतं. दातांचं सांगितलं तर कोणाच्या अंगाकडे कोणी बघत नाही, आणि संदेश तोच पोचतो. माझ्या मते बालवाडीच्या वयासाठी सगळी जाहिरात दातांवरच करावी.

आपलं गोड

इथे बरेच जण डोळे झाकतात. कंपनीच्या बाटलीवर बोट ठेवायला हिंमत लागत नाही. पण आपलं अमृत कोकम, म्हणजे सरबताचा गोड पाक? एक किलो रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीला दीड-दोन किलो साखर जाते. आंबापोळीत साखर, खाज्यावर गुळाचा पाक. गूळ चवीला वेगळा असला तरी हिशेबात तो साखरच. ‘बाहेरचं वाईट, घरचं चांगलं’ असं लिहिलंत तर मुलं दोन ग्लास गोड सरबत पितील आणि जाहिरात त्याला साक्षीदार होईल.

दुसऱ्या बाजूला हेच अमृत कोकम आणि आंबापोळी विकून बचत गटातल्या बायका घर चालवतात. त्यांना न विचारता फलक लावणं हा अन्याय आहे. म्हणून आधी त्यांच्याकडे जा. आम्ही गेलो तेव्हा वाट त्यांनीच दाखवली. कोकमाचं आगळ म्हणजे आंबट रस, तो बिनसाखरेचा, नुसतं मीठ घालून टिकवलेला असतो. त्यात पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर साखर घातली की मुलं आवडीने पितात. आगळात मीठ असतं, ते वेगळं घालावं लागत नाही. आगळाची बाटली त्याच गटाने भरली, त्या बायकाच विकतात. जाहिरातीने कोणाचा धंदा बसला नाही.

पर्याय सांगताना ऋतू पाहा. जानेवारीत जांभळं सांगून काय उपयोग? मार्च ते मे ताडगोळे, करवंदं, जांभळं, फणसाचे गरे; पावसात भाजलेल्या आठळ्या आणि उकडलेल्या शेंगा; एरवी शहाळं, ताक, नाचणीचं आंबील, केळी. आणि गणपतीतल्या मोदकाला हात लावू नका. वर्षातून दोन दिवसांच्या नैवेद्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते रोजच्या पाकिटाने. मोदकावर बोलाल तर पुढचं एक वाक्यही कोणी ऐकणार नाही.

आणखी एक जपायचं. ज्या अंगणवाडीत एखादं मूल जड असतं, तिथेच दोन मुलं कमी वजनाची असतात. भारतातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४ झालं. ते वाढतं आहे खरं, पण कुपोषण अजून कितीतरी मोठं आहे. आपला फलक वाचून एखादी आई पोराच्या भातावरचं तूप काढेल, माशाची तुकडी कमी करेल, असं होता कामा नये. पालकसभेत स्पष्ट सांगा: जेवण कमी करायचं नाही, बाटली कमी करायची.

वाक्य

एका भिंतीवर एकच गोष्ट, तीही आज करता येण्यासारखी. ‘निरोगी आहार घ्या’ हे वाक्य नाही, ते कोणाला काहीच सांगत नाही. ‘मधल्या सुट्टीत पाणी’ हे सांगतं. रस्त्यावरून एसटी ताशी चाळीसच्या वेगाने गेली तर खिडकीतल्या माणसाला तीन-चार सेकंद मिळतात, म्हणजे सहा-सात शब्द. आमच्या भागात मालवणी चालली: ‘बाटलीत साखर किती आसा? वाचलंस काय?’ रत्नागिरीकडे ही बोली नाही, तिथे तिथल्या बोलीत लिहा. प्रमाण भाषेतला उपदेश सरकारी वाटतो.

कच्चं चित्र कागदावर काढून सहा-सात जणांना एकेकट्याला दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. यात काय सांगितलं आहे? कोणाला सांगितलं आहे? हे पाहून गावात कोणाला वाईट वाटेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एखादं नाव आलं तर चित्र बदला. मी पहिल्या वेळी हा प्रश्न विचारला असता तर तो मुलगा पाणंदीतून गेला नसता.

भिंत

परवानगी लेखी घ्या, घरमालकाची आणि ग्रामपंचायतीचीही. न विचारता भिंत रंगवणं हा महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाचा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

फ्लेक्स नको. वाऱ्यात फाटतो, समुद्रात जातो. रंगवायचा मोसम दिवाळीनंतरचा. त्याआधी भिंतीत ओल असते. उघड्या चिऱ्यावर अक्षर नीट बसत नाही, छिद्रांत रंग जिरतो आणि कडा फाटतात. तेवढ्या पट्ट्यापुरतं सिमेंटचं प्लास्टर करून घ्या, ते महिनाभर सुकू द्या, मग प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग. ऑइलपेंट चकाकतो म्हणून रंगारी तोच सुचवतात, पण आपल्या दमट भिंतीवर त्याला फोड येतात. जुन्या भिंतीवर शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण सुकवून मगच हात लावा. पागोळ्या पडतात ती जागा टाळा.

अक्षराची उंची ठरवायला सोपा ठोकताळा आहे: दर दहा फूट अंतराला एक इंच. रस्ता साठ फुटांवर असेल तर सहा इंच. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून मी त्यात निम्मी भर घालते. पिवळसर पांढऱ्यावर गडद निळं किंवा काळं अक्षर लांबून दिसतं. लाल रंग खाऱ्या हवेत आणि उन्हात सगळ्यात आधी फिका पडला, हा माझा अनुभव. बाटली लाल हवीच असेल तर दरवर्षी दुसरा हात द्यायची तयारी ठेवा.

दुकानदार आणि कायदा

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ विकायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम तसं सांगतात. ५० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ६५ ते ७० पावलं. शाळा सीबीएसईची असेल तर साखरेचा फलक, म्हणजे कुठल्या खाऊत किती साखर ते दाखवणारा, लावण्याची सूचना मंडळाने मे २०२५ मध्ये सगळ्या शाळांना दिली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला ती लागू नाही, पण करायला कोणी अडवत नाही.

कायदा माहीत असावा, पण दुकानात शिरताना तो खिशात ठेवा. वाडीतला दुकानदार आपलाच माणूस, उधारीवर तांदूळ देणारा. त्याच्या दुकानावरची पाटी कंपनीने फुकट रंगवून दिलेली असते, वर बाटली मोठी आणि त्याचं नाव लहान. आम्ही त्याला म्हटलं, तुमचं नाव मोठ्या अक्षरांत आम्ही रंगवून देतो, खाली फक्त ‘थंड आगळ, ताक, शहाळं मिळेल’ लिहू. तिघा दुकानदारांपैकी दोघे तयार झाले, एक नाही. बरण्या गल्ल्यापासून आत सरकवायला मात्र तिघेही तयार झाले. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर काय आहे, यावर बरंच ठरतं.

पैसे गोड पेयं किंवा बिस्किटं बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीकडून घेऊ नका. आणि चुकूनही ‘याने लठ्ठपणा बरा होतो’ असं काही लिहू नका. १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचारांच्या जाहिरातींवरील कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. नाचणीच्या आंबिलाबद्दलही तसा औषधी दावा करता येत नाही.

खेळातून

भिंत न वाचणारे जत्रेत भेटतात. जत्रेतल्या दशावताराच्या नाटकात सुरुवातीला काळ्या वेशातला संकासुर येतो आणि नाईकाशी, म्हणजे सूत्रधाराशी त्याची जुगलबंदी चालते. त्या पाच मिनिटांत आपलं काम होतं. मंडळाच्या मालकांना आणि देवस्थानच्या मानकऱ्यांना आधी विचारा, संहिता लिहून देऊ नका, फक्त गोष्ट सांगा. आमच्याकडे संकासुराने स्वतःच रचलं. नाईक विचारतो, “तहान लागली, काय पितंस?” “लाल पाणी!” “त्यात साखर किती?” “माका काय म्हायत? वाचूक खंय येता!” मग नाईक झोळीतून एकेक चमचा काढतो आणि अख्खी जत्रा मोठ्याने मोजते. कलाकारांना एकच अट घाला: कोणाच्या पोटावर विनोद नको. रत्नागिरीकडे नमन-खेळ्यांत किंवा जाखडीच्या गाण्यात हेच करता येईल.

उपयोग झाला का

वजनं मोजून भिंतीचं यश ठरत नाही. सुरुवातीची वही काढा. तीन महिन्यांनी त्याच दुकानात, त्याच वेळी, पुन्हा चार दिवस बसा. शाळेच्या कचऱ्यातली पाकिटं मोजा, पाण्याची बाटली आणणारी मुलं मोजा, दुकानदाराला विचारा की आठवड्याला किती क्रेट लागतात. परीक्षेचा किंवा गणपतीचा आठवडा घेऊ नका.

फरक थोडा दिसला तर निराश होऊ नका. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, तेव्हा पहिल्या वर्षी खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली. चिलीत २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आले, मुलांसाठीच्या जाहिराती आणि शाळांतली विक्री एकत्र बंद झाली, तिथे गोड पेयांच्या खरेदीत जवळपास चोवीस टक्के घट दिसली. एकट्या भिंतीकडून एवढं होणार नाही. भिंत, नळ, दुकानातली बरणी आणि आजोबांचा खाऊ हे सगळं एकाच वर्षात हलवायचं असतं.

चमचे काढताना हाताने न काढता पत्र्याचा छाप कापून घ्या. बाटलीचं माप कंपन्या मधूनमधून बदलतात. मग दुकानात जाऊन नवं पाकीट वाचायचं, पुन्हा हिशेब करायचा, आणि छाप असला की भिंतीवरचा एखादा चमचा वाढवायला किंवा पुसायला दहा मिनिटं पुरतात.